रशियात सेवेला जाताना आधी कागद, मग कोट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) कुणी रशियात धर्मप्रचाराच्या सेवेला जायचे म्हटले की सगळी चर्चा थंडीवर येऊन थांबते. जाकीट कुठून घ्यायचे, बूट कसले, उणे वीसमध्ये श्वास घेता येतो का. पारा पंधरावर आला तरी जिथे बातमी होते, तिथे हे साहजिक आहे. पण मिशनऱ्याला रशियातून परत पाठवले जाते ते कागदांमुळे. त्याबद्दल मराठीत फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

रशियाच्या 1997 च्या धर्मविषयक कायद्यात झालेली दुरुस्ती 20 जुलै 2016 पासून लागू आहे. लोक तिला ‘यारोवाया कायदा’ म्हणतात. जे आपल्या धार्मिक संस्थेचे सभासद नाहीत त्यांना सामील करून घेण्यासाठी जाहीरपणे केलेला प्रचार म्हणजे मिशनरी काम, अशी व्याख्या तिने केली. इंटरनेटवरचा प्रचारही त्यातच मोडतो. असे काम करणाऱ्याजवळ संस्थेचे लेखी अधिकारपत्र हवे आणि त्यावर संस्थेच्या नोंदणीचा तपशील हवा. पाळकांचे (पास्टरचे) शिफारसपत्र, मग ते कितीही प्रेमाने लिहिलेले असो, इथे चालत नाही.

परदेशी माणसाला आणखी एक अट आहे. ज्या प्रांतात ती संस्था काम करण्यास अधिकृत आहे, तेवढ्याच प्रांतात त्याला प्रचार करता येतो. कझानच्या स्थानिक मंडळीचे पत्र घेऊन मॉस्कोत धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटल्या, तर पत्र असूनही गुन्हा होतो. दंड 30,000 ते 50,000 रूबल, आणि न्यायालयाला वाटले तर हद्दपारीही. हद्दपार झालेल्याला पुढे काही वर्षे प्रवेश मिळत नाही.

आपल्याकडच्यांना सर्वांत गोंधळात टाकते ती घरसभा. ठाण्यात कॉटेज मीटिंग ही रोजची गोष्ट. रशियात राहत्या घरात उपासना आणि प्रार्थना चालते, मिशनरी काम चालत नाही. आधीच विश्वासात असलेले चारजण एकत्र बसून पवित्र शास्त्र वाचतात तोवर ठीक. जिन्यातल्या फलकावर ‘सर्वांचे स्वागत’ अशी चिठ्ठी लावली की चित्र बदलते. ओर्योल शहरात घरी सभा घेणाऱ्या आणि इमारतींच्या फलकांवर आमंत्रणे लावणाऱ्या एका अमेरिकन बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) प्रचारकाला ऑगस्ट 2016 मध्ये 40,000 रूबल दंड झाला होता. वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलांनीही हे ध्यानात घ्यावे. हॉस्टेलमधली आपापसातली प्रार्थना वेगळी, रशियन वर्गमित्रांना बोलावून दिलेला संदेश, म्हणजे प्रवचन, वेगळा.

व्हिसाबाबत पळवाट शोधू नये. धार्मिक कामासाठी नोंदणीकृत संस्थेच्या निमंत्रणावर मानवतावादी व्हिसा मिळतो. पर्यटक व्हिसावर मागच्या बाकावर बसून उपासना ऐकायला कुणाची हरकत नाही. त्याच व्हिसावर व्यासपीठावरून संदेश दिला, तर व्हिसाचा हेतू आणि प्रत्यक्ष काम जुळत नाही म्हणून वेगळी कारवाई होऊ शकते. तीन महिन्यांहून अधिक राहायचे तर एचआयव्ही नसल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि तिथे गेल्यावर वैद्यकीय तपासणी व बोटांचे ठसे. पोहोचल्यावर कामाच्या 7 दिवसांत यजमानाने पत्त्याची नोंद करायची असते. तिची पावती पासपोर्टसोबत बाळगावी. मुक्कामाचा पत्ता बदलला की नोंद पुन्हा, आणि नेमके हेच विसरले जाते.

पुण्यातल्या सेमिनरीची (धर्मशिक्षण संस्थेची) पदवी घेऊन जाणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर 2021 पासून परदेशात धर्मशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला रशियात पहिल्यांदा धर्मसेवकाचे काम सुरू करण्याआधी तिथला पूरक अभ्यासक्रम आणि पुन:प्रमाणन करावे लागते. युक्रेन युद्धाविषयी रशियन सैन्याची बदनामी ठरेल असे जाहीर बोलण्यावर मार्च 2022 पासून दंडाची तरतूद आहे. संदेश देताना आणि मोबाइलवर काही टाकतानाही तिचे भान हवे.

साहित्य इथून छापून नेऊ नये. संस्थेने वाटलेल्या प्रत्येक पत्रिकेवर, पुस्तकावर, सीडीवर तिचे अधिकृत पूर्ण नाव लागते. नसेल तर 30,000 रूबलपासून दंड आणि मालही जप्त. हे नियम जाचक आहेत हे आम्हालाही मान्य आहे, आणि रशियातल्या स्थानिक बाप्टिस्टांनाही त्यांचा फटका बसतो. पण पाहुण्याच्या हट्टाची किंमत शेवटी यजमान मंडळीच मोजते. संस्थेला होणारा दंड 1 लाख ते 10 लाख रूबल इतका आहे.

उपासनेतल्या अडचणी त्यामानाने गोड. बायबलच्या 1876 च्या रशियन भाषांतरात (त्याला सिनोडल म्हणतात) स्तोत्रांचे क्रमांक वेगळे आहेत. आपले स्तोत्र 23 तिथे 22. आपल्या स्तोत्र 11 पासून 113 पर्यंत सरळ एक वजा करावा. पहिली आठ आणि शेवटची तीन दोन्हीकडे सारखीच. नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांनंतर रोमकरांस पत्र उघडायला जाल तर याकोबाचे पत्र सापडेल. संदेशाची टिपणे काढताना रशियन क्रमांक बाजूला लिहून ठेवले की दुभाषाची धावपळ वाचते. बाप्टिस्ट मंडळ्यांत एका उपासनेला दोन-तीन जण संदेश देतात, तेव्हा आपला पाऊण तासाचा संदेश वीस मिनिटांवर आणावा. दुभाषामुळे तो तसाही दुप्पट होतो. प्रार्थनेला उभे राहतात किंवा गुडघे टेकतात. अनेक ठिकाणी विवाहित स्त्रिया डोक्याला रुमाल बांधतात. पाहुण्याने आपल्या मंडळीचा नमस्कार सांगावा, अशीही अपेक्षा असते. ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ 7 जानेवारीला. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या दोन्ही तारखा पाळतात.

थंडीचे थोडक्यात. घरे आतून चांगली गरम असतात, म्हणून एकच जाडजूड स्वेटर नेण्यापेक्षा काढता येतील असे पातळ थर बरे. फोन आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी बसते. मार्चमध्ये बर्फ वितळू लागला की भिंतीला लागून चालू नये, छपरावरून बर्फाचे सुळे पडतात.

निरोपसभेत जमलेले अर्पण कार्डावर भरून देऊ नये. मार्च 2022 पासून रशियाबाहेर काढलेली व्हिसा व मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डे तिथे चालत नाहीत. डॉलर न्यावेत, तेही नव्या, न मुडपलेल्या नोटांत. फाटकी किंवा शिक्का पडलेली नोट बदलून मिळताना अडचण येते.

आपले,
काही मराठी ख्रिस्ती वाचक,
नौपाडा (ठाणे) आणि नेरुळ