अध्यक्षाच्या खुर्चीत बसणाऱ्या तुझ्या विद्यार्थिनीसाठी

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. कॉलेजच्या युवा संसदेत तुम्ही लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास बसवताय, हे फार आवडलं. पण अध्यक्ष होणाऱ्या मुलीला ‘घंटा वाजव आणि शांतता राखा म्हण’ एवढंच शिकवलंयस, ते वाचून मात्र राहवलं नाही. त्या खुर्चीचं काम एवढंसं नाही रे.

सकाळी अकरा ते बारा हा तो तास. यादीत वीस तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे; क्रम सोडतीने ठरलेला. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे मूळ प्रश्नाचं उत्तर खात्याने घासूनपुसून तयार ठेवलेलं असतं. मंत्री ते पटलावर ठेवतात आणि सदस्य त्या उत्तरावर पूरक प्रश्न विचारायला उभा राहतो. खरी परीक्षा तिथे, कारण या प्रश्नाची तयारी कुणी करून दिलेली नसते. देशातला मोठ्यात मोठा मंत्री त्या घटकेला एका साध्या खासदाराला उत्तर द्यायला बांधलेला असतो. मला ही आपल्या लोकशाहीतली सगळ्यात मोलाची घटका वाटते.

आता गोंधळ झाला की काय होतं बघ. सदस्य फलक घेऊन हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात, घोषणा सुरू होतात, अध्यक्ष बारापर्यंत कामकाज तहकूब करतात. तो तास बुडाला की बुडालाच, दुपारी भरून मिळत नाही. राहिलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं लेखी समजली जातात आणि मंत्री पूरक प्रश्नांतून सुटतो. आरडाओरडा विरोधकांनी केला तरी सुटतो आणि अडचणीचा प्रश्न येतोय म्हणून सत्ताधारी बाकांनी केला तरी सुटतो. म्हणून त्या मुलीला सांग, सभागृह शांत करायचं ते उत्तर निघावं म्हणून.

पूरक प्रश्नाच्या नावाखाली कुणी भाषण ठोकू लागला तर ‘प्रश्न विचारा’ म्हणून त्याला थांबवायचं. मंत्री मागच्या सरकारचा इतिहास उगाळू लागला तर त्यालाही तितक्याच करडेपणाने मुद्द्यावर आणायचं. हे दुसरं जास्त अवघड, आणि मी तरी अध्यक्ष जोखतो तो यावरूनच. पाठच्या बाकावरून हात वर करणाऱ्या नवख्या सदस्याकडे नजर गेलीच पाहिजे. २७ नोव्हेंबर २०१९ ला लोकसभा अध्यक्ष ओम बिर्लांनी वीसच्या वीस प्रश्न पुकारले, १९७२ नंतर पहिल्यांदाच. कौतुक आहेच. तरी पळापळीत दुसरा, तिसरा पूरक प्रश्न बुडू नये. चिकाटीच्या प्रश्नाची ताकद आपण मुंदडा प्रकरणात पाहिली आहे. आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत कसा गेला, याची विचारणा १९५७ मध्ये लोकसभेतल्या एका प्रश्नापासून सुरू झाली. खासदार फिरोझ गांधींनी ती लावून धरली, चौकशीसाठी छागला आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला.

मुलांना दादासाहेब मावळंकरांबद्दल जरूर सांग. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष. घराणं मूळचं तुमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं, वकिली अहमदाबादेत. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, तिथला अनुभव घेऊन दिल्लीला गेले. एवढ्या मान्यवर माणसाविरुद्धही डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला होता, पक्षपाताचा आरोप ठेवून. तो फेटाळला गेला. पण अध्यक्षालाही जाब विचारता येतो, हे त्या मुलीच्या कानावर असू दे.

हाताशी अधिकार पुष्कळ आहेत. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने लगेच खाली बसायचं, हा नियमच आहे. कुणी ऐकलं नाही तर दिवसभरासाठी बाहेर जायला सांगता येतं, पुढे नाव घेऊन निलंबनही होतं. डिसेंबर २०२३ मध्ये एकाच अधिवेशनात लोकसभेचे शंभर सदस्य निलंबित झाले आणि त्यांचे प्रश्नही यादीतून गाळले गेले. मला ते अजून सलतं. सदस्यांचं वागणं नियमाला धरून नव्हतं हे मान्य, पण मतदारसंघांनी विचारलेल्या प्रश्नांनी काय गुन्हा केला होता? उत्तर अपुरं वाटलं तर अर्ध्या तासाची चर्चा मान्य करण्याचाही अधिकार अध्यक्षांना असतो. हे हत्यार तिला आवर्जून दाखव, त्याचा विसर लवकर पडतो.

तालमीसाठी एक सुचवतो. मंत्री झालेल्या मुलाला मुद्दाम टाळाटाळ करायला लाव आणि तिला आधी सांगू नकोस. विरोधी बाकांवरच्या दोघांना मधेच ओरडायला सांग. आधी कुणाला थांबवायचं, हे तिचं तिला ठरवू दे. नंतर सगळ्यांनी बसून त्यावर बोला, पाहिजे तर भांडा.

कार्यक्रमाची तारीख ठरली की कळव. मी येतोच आहे, मागच्या रांगेत जागा ठेव.

तुझा,
श्रीधर