पट्टीखालचा दिवा

चाकण,
मंगळवार, रात्र

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

फोनवरच बोलले असते. पण फोनवर बाबा "हां हां, बघतो" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई मला घारग्यांच्या पिठावर घेऊन जाते. म्हणून हा कागद. बाबा, चष्मा लावून निवांत वाचा. आई, तू त्यांच्या खांद्यावरून वाचलंस तरी चालेल, यातलं निम्मं तुझ्यासाठीच आहे.

रविवारी मंडईत जायला गाडी काढली तेव्हा मीटरच्या काचेवर काळी इन्सुलेशन टेप दिसली. नखाएवढा तुकडा, कात्रीनं चारी बाजूंनी नीट कापलेला. बाबा, तुमचंच काम. पाइप कापला तरी कडेला कानस मारल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही. किल्ली फिरवली तर टेपच्या कडेनं चेक इंजिनच्या दिव्याचा नारिंगी उजेड झिरपत होता. शेजारी तुमचे जावई बसले होते, म्हणून तेव्हा काही बोलले नाही.

दुपारी तुम्ही आडवे झालात तेव्हा मी खाली गाडीत जाऊन बसले होते, हे आता कबूल करते. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात माझा स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०३. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा. म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. तिथलं पेट्रोल कधी पेटतं, कधी पेटत नाही.

मग आईला स्वयंपाकघरात गाठलं. तिनं सगळं सांगितलं. मावशीकडून चिपळूणहून परत येताना पोफळी सुटली, कुंभार्लीचा चढ लागला आणि तो दिवा लुकलुकायला लागला. हेळवाकला चहाला थांबलात, गाडी बंद करून चालू केलीत, लुकलुकणं थांबलं पण दिवा तसाच राहिला. कराडला आल्यावर रात्री गाडी चालवताना तो डोळ्यांवर येतो म्हणून त्याच्यावर टेप.

बाबा, तुम्ही म्हणाल, गाडी तर व्यवस्थित पळते. पळते, खरं आहे. पण त्या दिव्याचे दोन बोल आहेत. नुसता लागून राहिला तर म्हणतो, चार-दोन दिवसांत गॅरेजला दाखवा. लुकलुकायला लागला तर म्हणतो, आत्ताच्या आत्ता ॲक्सिलरेटरवरचा पाय कमी करा आणि बाजूला घ्या. मिसिंग होतं तेव्हा न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून पुढे जातं. तिथं धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट. ते पेट्रोल तिथं जाऊन पेटतं, आणि वीट तापून वितळायला लागते. ठिणगी पाडणारी कॉइल किंवा प्लग बदलायला जो खर्च येतो त्याच्या कितीतरी पट खर्च त्या विटेचा. घाटात, चढावर, चार माणसं आणि मावशीनं दिलेले नारळ घेऊन पाय दाबून चढवलीत, म्हणजे तिला भट्टीतच घातलीत.

आता एक गंमत सांगते. मिसिंग झालं हे गाडीला कळतं कसं? इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, दातेरी चक्र असतं, त्याच्यापुढे एक सेन्सर. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला धक्का मिळतो. एक धक्का चुकला की चक्र निमिषभर रेंगाळतं. कॉम्प्युटर ते दाते मोजत बसलेला असतो. फियाट होती तेव्हा तुम्ही हेच कानानं करायचात. अंगणात उभं राहून, डोळे मिटून, "दोन नंबर मारतोय" म्हणायचात आणि प्लग काढला की दोन नंबरचाच काळा निघायचा. मी आठवीत असेन. मला वाटायचं तुम्हाला जादू येते. मी या धंद्यात आले त्याचं कारण बहुतेक तेच.

बाबा, रागावू नका. कुंभार्लीत ते मिसिंग तुम्हाला ऐकू आलं नाही. आईला आलं होतं. ती म्हणाली, "गाडी उचक्या देत होती गं, पण हे काही बोलले नाहीत म्हणून मीही गप्प बसले." कानाच्या मशीनचा विषय मी इथे काढत नाही, तो आमनेसामने काढीन. एवढंच म्हणते की कान कमी पडतात तिथं हे दिवे आहेत, आणि त्यांतल्या एकावर आपण टेप लावली आहे.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या टेबलावर नुसतं मीटर ठेवलेलं असतं, गाडी नसतेच. मी कॉम्प्युटरवरून त्याला खोटे निरोप पाठवते. कूलंट १३० अंशांवर गेलं, दार उघडं आहे, ऑइलचं प्रेशर गेलं. आणि बघते, योग्य दिवा योग्य वेळात लागतो का. दिवसभर खोटी संकटं पाठवायची नोकरी. पूर्वी प्रत्येक दिव्याची आपली वायर असायची. आता दोन पीळ दिलेल्या तारांवरून सगळ्या गाडीच्या बातम्या फिरतात. बॉशनं ही पद्धत १९८६ साली जगापुढे ठेवली. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की ब्रेकच्या कॉम्प्युटरकडून ठरलेल्या वेळात निरोपच आला नाही, तर मीटर वाट बघत बसत नाही. काहीतरी बिनसलं आहे असं धरून स्वतःच दिवा लावतो. आई, तुझा फुलांचा गुड मॉर्निंग सकाळी नऊपर्यंत आला नाही की माझंही तेच होतं.

बाकीच्या दिव्यांचं थोडक्यात सांगते. रंग आधी बघायचा, चित्र नंतर. निळा-हिरवा म्हणजे नुसती खबर : अप्पर लागला आहे, इंडिकेटर चालू आहे. आपल्या गाडीत टेंपरेचरचा काटा नाही, त्यामुळे सकाळी निळा थर्मामीटर दिसतो. इंजिन अजून गार आहे, पळवू नका, एवढाच त्याचा अर्थ. नारिंगी म्हणजे दाखवून घ्या. लाल म्हणजे थांबा. पण लालमध्येसुद्धा भेद आहे, आणि तिथंच लोक चुकतात.

ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हे नाही. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर आहे की नाही ते सांगतो. बाबा, तुमची डिपस्टिक ऑइल किती ते सांगते. दोन्ही वेगळं. आई, तुझ्या बीपीसारखं : अंगात रक्त आहे पण दाब पडला, तर चक्कर येतेच ना. इंजिन बंद असतं तेव्हा प्रेशर नसतं, म्हणून किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, पंपानं ऑइल ढकललं, की ब्लॉकवरचा स्विच उघडतो आणि दिवा विझतो. चालत्या गाडीत तो पुन्हा लागला, की आत लोखंडावर लोखंड घासायला फार वेळ लागत नाही.

बॅटरीचा लाल दिवा याच्या अगदी उलट. तिथं इंजिन बंद करायचं नाही, कारण पुन्हा सुरू होईलच असं नाही. तो लागला म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत नाही, गाडी बॅटरीतल्या शिलकीवर चालली आहे. जुन्या गाड्यांत तो दिवा बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या मधोमध बांधलेला असायचा. दोन्हीकडे जोर सारखा, तर मधून करंट वाहत नाही आणि दिवा विझलेला. एक बाजू सैल पडली की पेटला. रस्सीखेचीतल्या मधल्या रुमालासारखा. एसी बंद करा, गाणी बंद करा आणि जवळचं गॅरेज गाठा. पण बॅटरीपाठोपाठ लाल थर्मामीटरही लागला, तर मात्र थांबा. अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट तुटला असणार, आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो.

लाल थर्मामीटर लागला तर फियाटची सवय विसरायची. बोनेट उघडून, फडकं गुंडाळून झाकण फिरवायचं आणि तांब्यानं पाणी ओतायचं, हे नको. आत दाबाखाली ठेवलेलं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की एका क्षणात उकळून तोंडावर येतं. थांबेपर्यंत हीटर पूर्ण सोडा, घाम निघेल पण इंजिनची उष्णता थोडी तरी बाहेर पडते. मग इंजिन बंद, आणि गार होईपर्यंत झाकणाला हात नाही.

आता आई, तुझी शाबासकी. तू म्हणालीस, घाटात वळणावर हँडब्रेकचा लाल दिवा क्षणभर चमकतो आणि जातो, आणि बाबा म्हणाले लूज कॉन्टॅक्ट असेल. लूज कॉन्टॅक्ट नाही बाबा. तो दिवा दोन कामं करतो. हँडब्रेक ओढलेला असेल तर लागतो, आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. डबीत एक तरंगता खुंट असतो. ऑइल काठावर आलं असेल, तर वळणावर ते एका बाजूला कलतं, खुंट क्षणभर खाली बसतो आणि दिवा चमकतो. मी बोनेट उघडून बघितलं, ऑइल 'मिन'च्या रेघेला टेकलं आहे. बहुतेक ब्रेक पॅड झिजलेत. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि ऑइल तिकडे जाऊन बसतं. नुसतं वरून ऑइल ओतून हे मिटवू नका, पॅड बघायला सांगा. गळती असेल तर तीही सापडेल. आणि हा लाल दिवा ए.बी.एस.च्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, नारिंगी दिव्याच्या जोडीनं लागला, तर गाडी जागेवरच उभी करून फोन करा. एकटा ए.बी.एस.चा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं जाम होऊन घसरू शकतात. हळू चालवत गॅरेजला जाता येतं.

सीट बेल्टचा माणूस माझ्या मते गाडीतला सगळ्यात भांडखोर दिवा. आपली गाडी २०२० सालची. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारचा, दोघांच्या बेल्टची आठवण सक्तीची झाली आहे. ८० च्या वर गेलं की टिकटिक आणि १२० च्या वर सतत भोंगा, हेही तेव्हापासूनच. आई, तुझी भाजीची पिशवी पुढच्या सीटवर ठेवली की तो ओरडतो, कारण सीटखालच्या सेन्सरला पिशवी आणि माणूस यांतला फरक कळत नाही. पिशवी मागे ठेव. तो बेल्टच्या खाचेत अडकवायचा लोखंडी क्लिप बाबांनी कुठून आणला माहीत नाही, पण तो मी पर्समध्ये घालून चाकणला आणलाय. मिळणार नाही. आणि बाबा, सीटखाली छत्री कोंबू नका. तिथं पिवळ्या रंगाची जी प्लगं आहेत ती एअरबॅगच्या यंत्रणेची असतात. एखादं सैल झालं की एअरबॅगचा दिवा लागतो, आणि तो लागलेला असताना अपघात झाला तर बॅग उघडेलच याची खात्री नाही.

रोज एकच करा. आई, हे काम तुझ्याकडे. बाबांनी किल्ली एक टप्पा फिरवून थांबायचं, लगेच सेल्फ मारायचा नाही. सगळे दिवे एकदम लागतील, दिवाळीसारखे. ते बिघाड नाहीत, गाडी प्रत्येक दिव्याची हजेरी घेते आहे. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एअरबॅग, एवढे चार दिसले का बघ. जो लागलाच नाही त्याच्यावर जास्त संशय घ्यायचा, कारण वेळ आली तर तो बोलणारच नाही. मग सेल्फ, आणि सगळे विझले की निघायचं. टेपखालचा दिवा या हजेरीत कसा दिसणार, सांगा बरं?

कॉइलचं मी इथून बोलून ठेवलंय. स्टँडमागच्या गॅरेजवाल्याला शुक्रवारी सकाळी वेळ आहे. त्याला "पी ०३०३, तीन नंबर" एवढंच सांगा. तो आधी एक आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करून बघेल. मिसिंग एक नंबरवर गेलं तर कॉइल खराब, तीनलाच राहिलं तर प्लग किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बघायचा. बाबा, तुम्ही शेजारी उभे राहा. फियाटवर तुम्ही प्लगची अशीच अदलाबदल करायचात, त्यामुळे तो तुम्हाला फसवणार नाही, आणि मला वाटतं तुम्हाला मजाही येईल. ब्रेकचंही त्याच वेळी बघून घ्या. तोपर्यंत गाडी घाटात नको, प्रीतिसंगमापर्यंतसुद्धा रिक्षानं जा.

आणि टेप काढताना नखानं ओरबाडू नका. चिकटपणा राहिला तर बोटावर थेंबभर खोबरेल तेल घेऊन चोळा आणि मऊ फडक्यानं पुसा. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका, ती काच नाही, प्लॅस्टिक आहे, धुरकट होऊन बसेल. रात्री उजेड डोळ्यांवर येत असेल तर मीटरवर एक बारीक दांडी आहे, ती दाबून धरली की मीटरची लाइट मंद होते. इशाऱ्याचे दिवे मात्र त्यानंही मंद होत नाहीत, आमच्याकडे मुद्दाम तसंच ठेवतात.

शनिवारी मी येतेच आहे. घारगे ठेव.

तुमची,
मनू