परतावा छापा, पण खर्च वजा करून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चार-सहा घरांची छोटी इमारत विकत घ्यावी आणि भाड्याने चालवावी, हा पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्यासाठी चांगला मार्ग आहे. एकच फ्लॅट भाड्याने दिला आणि तो रिकामा झाला, तर त्या महिन्याचे उत्पन्न शून्य. चारातले एक घर रिकामे झाले, तर पाऊण भाडे चालू राहते. छप्पर एक, जिना एक, टाकी एक, त्यामुळे दर घरामागे देखभालही स्वस्त पडते. आमचा आक्षेप या मार्गाला नाही. मालमत्तेच्या पानांवर तो ज्या आकड्याच्या जोरावर सुचवला जातो, त्या आकड्याला आहे. 'आठ टक्के परतावा' असे छापलेले असते, आणि ते आठ टक्के म्हणजे वर्षाचे पूर्ण भाडे भागिले किंमत, एवढेच असतात.

हा हिशेब शेवटपर्यंत नेऊन पाहावा. किंमत १०० आणि वर्षाचे पूर्ण भाडे ८ धरू. प्रत्येक घरातला भाडेकरू दोन वर्षांनी बदलला आणि साफसफाई, रंग, नवा भाडेकरू शोधणे यात एक महिना गेला, तर २४ महिन्यांत १ म्हणजे सुमारे ४ टक्के भाडे गेले. बुडीत भाड्यासाठी आणखी २ टक्के धरा. हाती आले ७.५२. मग मालमत्ता कर, विमा, जिन्यातले दिवे आणि पंप यांची वीज, पाणी, सफाई, किरकोळ डागडुजी, व्यवस्थापन आणि मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे पैसे. जुन्या छोट्या इमारतीत हे सगळे मिळून पूर्ण भाड्याच्या ३५ टक्क्यांपेक्षा कमी धरणे आम्हाला धाडसाचे वाटते. म्हणजे २.८० वजा, उरले ४.७२. शिवाय इमारत १०० ला पडत नाही. शुल्क, नोंदणी, वकील, तपासणी आणि ताबा घेतल्या घेतल्या करावी लागणारी कामे धरून ती १०८ ला पडली, तर खरा परतावा ४.४ टक्क्यांच्या आसपास येतो. छापलेल्या आकड्याच्या अर्ध्याहून थोडाच जास्त.

व्यवस्थापन मी स्वतःच करणार, मग त्याचा खर्च कशाला, असे बरेच जण म्हणतात. तरीही भाड्याच्या ८ ते १० टक्के धरावेतच. बदली, आजारपण, परगावी जाणे यांपैकी काहीही झाले की ते काम पैसे देऊनच करून घ्यावे लागते, आणि तेव्हा हिशेबात त्याला जागा नसते.

म्हणून आमची विनंती आहे की मालमत्ता पुरवणीत परताव्याचा आकडा येईल तिथे तो खर्चाआधीचा आहे की खर्च वजा जाता, हे सोबत छापावे. जाहिरातींसाठीही हीच अट घालता आली तर नव्या खरेदीदारांवर उपकार होतील.

कर्जाने हा फरक आणखी बोचतो. ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत असेल तर दर लाखामागे महिन्याचा हप्ता सुमारे ९०० येतो, म्हणजे वर्षाला कर्जाच्या १०.८ टक्के. किमतीच्या ७० टक्के कर्ज घेतले तर वर्षाचे हप्ते ७.५६ आणि इमारत देणार ४.७२. वरचे २.८४ दरवर्षी खिशातून. हप्त्यातला काही भाग मुद्दल फेडतो हे खरे, पण तो दिसतो वीस वर्षांनी. रोख मात्र दर महिन्याला लागते. भाडे मिळकतीला कर्ज देताना अनेक संस्था वर्षाचे निव्वळ उत्पन्न हप्त्यांच्या निदान सव्वापट असावे असे पाहतात. त्या कसोटीवर ही इमारत १०० पैकी सुमारे ३५ एवढेच कर्ज पेलते. तुमचा पगार पाहून ७० देणारा कोणी भेटेलही, पण तेव्हा कर्ज इमारत फेडत नसते, तुमचा पगार फेडत असतो. व्याजदर बदलता असेल तर एक टक्का वाढवूनही हिशेब करावा. १० टक्क्यांना तोच हप्ता लाखामागे सुमारे ९६५ होतो.

किंमत ठरवायची ती याच हिशेबाने, पण उलट दिशेने. खर्च जाऊन ७ टक्के हवे असतील, तर ४.७२ देणाऱ्या इमारतीला सगळ्या खर्चासह ६७ च्या वर जाता येत नाही. विकणारा १०० च सांगत असेल तर ती इमारत तुमच्यासाठी नाही. जागेचा भाव वाढेल या भरवशावर कमी परतावा पत्करणारेही असतात. त्यात गैर काही नाही, फक्त दरसालची तूट दुसऱ्या उत्पन्नातून भरण्याची तयारी हवी.

आता तो ८ चा आकडा मुळात खरा आहे का? विकणारा भाड्याची यादी देतो. तिच्यात प्रत्येक घराचा भाडेकरू, करार कधी सुरू झाला, कधी संपतो, भाडे, अनामत, थकबाकी, वीज-पाण्याचे बिल कोण भरतो, हे सगळे असायला हवे. यादी करारांशी ताडून पाहावी आणि मग करार बँकेच्या निदान १२ महिन्यांच्या जमेशी. फुगवाफुगवी ठरावीक जागी सापडते. रिकाम्या घरात विक्रीआधी महिना-दोन महिने ओळखीचा माणूस चढ्या भाड्याने बसवलेला असतो. करारात भाडे मोठे असते, पण पहिले दोन महिने माफ केलेले असतात. एखाद्या घराचे भाडे फर्निचरसकट असते आणि फर्निचर विकणाऱ्याबरोबर जाणार असते. कुठे यादीत चालू भाड्याऐवजी 'बाजारात मिळू शकेल' असे भाडे लिहून ठेवलेले असते. यावर उपाय एकच: प्रत्येक भाडेकरूकडून सहीचे पत्र घ्यायचे. त्यात भाडे, अनामत, मुदत, आगाऊ दिलेली रक्कम आणि मालकाने तोंडी दिलेली आश्वासने असावीत. 'पुढच्या वर्षी स्वयंपाकघर नवे करून देतो' असे आधीचा मालक बोलून गेला असेल, तर ते तुम्हाला खरेदीनंतर नव्हे, आधी कळले पाहिजे.

अनामतीत नवखे खरेदीदार हमखास फसतात. ती रक्कम विकणाऱ्याने भाडेकरूंकडून घेतलेली असते, पण भाडेकरू घर सोडतो तेव्हा परत मागतो नव्या मालकाकडे. म्हणून खरेदीच्या दिवशी सगळ्या घरांच्या अनामतीची बेरीज किमतीतून वळती करून घ्यावी आणि तसे कागदावर आणावे. त्या महिन्याचे भाडेही दिवसांच्या प्रमाणात वाटून घ्यायचे.

इमारत पाहताना प्रत्येक घर आतून पाहावे. 'सगळी घरे सारखीच आहेत, एक पाहिले तरी पुरे' हे ऐकून परत फिरू नये. चार घरांत न पाहिलेले एक घर म्हणजे पाव मालमत्ता. पाहायचे वरून खाली. आधी छप्पर किंवा गच्ची: पाणी कुठे साचते, पाणी वाहून जाण्याचे तोंड तुंबले आहे का, वॉटरप्रूफिंगचा थर कडेला सुटला आहे का. मग सगळ्यात वरच्या घरांची छते. त्यानंतर प्रत्येक बाथरूमच्या बरोबर खालच्या घराचे छत, कारण वरची गळती तिथे दिसते. सगळ्या छताचा रंग जुना आणि एकाच कोपऱ्याचा ताजा असेल तर त्या कोपऱ्याखाली थांबावे, हात लावावा, वरच्या घरात जाऊन नळ आणि फ्लश सुरू करून पुन्हा खाली यावे. जमल्यास एक फेरी जोरदार पाऊस पडून गेल्यावर करावी.

काँक्रीटच्या इमारतीत चिरांचे वळण पाहावे. प्लास्टरवर इकडेतिकडे पसरलेल्या केसासारख्या बारीक भेगा फारशा घातक नसतात. तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीला धरून सरळ जाणारी चीर मात्र आतली सळई गंजल्याची खूण असते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून तो वरचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. अशा जागी छोट्या हातोडीने ठोकले की पोकळ आवाज येतो. नुसते प्लास्टर करून रंग मारला तर गंज आत चालूच राहतो. खरी दुरुस्ती म्हणजे सुटलेले काँक्रीट काढणे, सळई साफ करणे किंवा बदलणे आणि मग नव्याने भरणे. तिचा अंदाज स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावा, दलालाकडून नव्हे.

पाण्याची परीक्षा सोपी आहे. सगळ्या घरांतले नळ बंद करून मुख्य मीटर पाहावा. टाक्या भरलेल्या असून काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. वरच्या मजल्यावर दोन नळ आणि एक फ्लश एकदम चालवून धार किती बारीक होते तेही पाहावे. जुने गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून गंजून अरुंद होतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. मैलापाण्याच्या मुख्य लाइनीत कॅमेरा घालून पाहणाऱ्याला बोलवावे. चार घरांची एकच लाइन तुंबली की चारही भाडेकरूंचे फोन एकाच सकाळी येतात, आणि लाइन फुटलेली असेल तर अंगण खणावे लागते. विजेसाठी एकेका घराचा मेन स्विच बंद करून काय काय विझते ते पाहावे. शेजारच्या घरातला दिवा विझला किंवा जिन्याचा दिवा एखाद्या भाडेकरूच्या मीटरवर निघाला, तर ते भांडण तुम्ही इमारतीबरोबर विकत घेत आहात. स्वतंत्र मीटर नसतील तर बिल मालकाच्या माथी येते, आणि वर दिलेले ३५ टक्के पुरत नाहीत.

मोठ्या दुरुस्तीसाठी किती बाजूला टाकायचे, हे अंदाजाने ठरवू नये. छप्पर, पंप, पाइप, वायरिंग, बाहेरचा रंग, प्रत्येकाचा बदलण्याचा खर्च भागिले उरलेली वर्षे, आणि या सगळ्यांची बेरीज. छप्पर तीन वर्षांत जाणार असेल तर त्याचे पैसे भाड्यातून साठणार नाहीत. ते किमतीतून कमी करून घ्यावे लागतात, आणि ते मागण्याची वेळ इसार देण्याआधीचीच असते.

कागदांत मालकी हक्क, बोजा आणि थकलेले कर वकील पाहतोच. त्याला मुद्दाम विचारावे असे एक राहते: मंजूर नकाशात घरे किती आणि जागेवर किती? मोठ्या घराची दोन केलेली, तळघरात किंवा माळ्यावर काढलेली घरे नेहमी आढळतात. मंजुरी नसलेल्या घराचे भाडे हिशेबात शून्य धरावे. ते कधीही बंद करावे लागू शकते, कर्ज देणारा त्याची किंमत धरत नाही, आणि तिथे आग लागली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पाचाची चार घरे झाली की ८ चे साडेसहाही उरत नाहीत.

इसार देताना तो कोणत्या परिस्थितीत परत मिळेल हे लिहून घ्यावे: कर्ज ठरलेल्या रकमेचे मिळाले नाही, तपासणीत मोठा दोष निघाला, भाडेकरूंची पत्रे यादीशी जुळली नाहीत, घरांची संख्या मंजुरीपेक्षा जास्त निघाली. प्रत्येकासमोर तारीख हवी. 'नंतर बघून घेऊ' या शब्दांवर दिलेला इसार सहसा परत येत नाही. आणि सगळी बचत खरेदीत ओतू नये. सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च भागतील एवढी रोकड ताबा घेतल्यानंतरही खात्यात उरली पाहिजे. उरत नसेल तर इमारत तुमच्या ऐपतीपेक्षा मोठी आहे.

ताबा घेतल्यावर प्रत्येक भाडेकरूला लेखी कळवावे की मालक बदलला, भाडे कोणत्या खात्यात भरायचे, दुरुस्तीसाठी कोणाला सांगायचे आणि त्याची किती अनामत आपल्याकडे आली आहे. चारही करार एकाच महिन्यात संपत असतील तर नूतनीकरणाच्या वेळी मुदती पुढेमागे कराव्यात, म्हणजे सगळी घरे एकदम रिकामी होण्याचा धोका टळतो. भाडेवाढीची घाई करू नये. ५ टक्के वाढीसाठी वेळेवर भाडे देणारा भाडेकरू गेला आणि घर एक महिना रिकामे राहिले, तर तो एक महिना भरून निघायला २० महिने लागतात, आणि त्यात रंगाचा आणि दलालीचा खर्च धरलेला नाही.

आपले,
भाडे मिळकतींचे हिशेब आणि बांधकाम तपासणारे काही वाचक