परीक्षेचे वेळापत्रक लावण्याआधी चंद्र पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सप्टेंबरात (२०२५) आमच्या भागातल्या एका शाळेने ८ तारखेला, सोमवारी सकाळी, गणिताची घटक चाचणी ठेवली होती. शुक्रवारी ५ ला ईद-ए-मिलाद होती आणि शनिवारी ६ ला अनंत चतुर्दशी. मिरजेची विसर्जन मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दुसरा दिवस उजाडला तरी गणेश तलावाकडे मंडळांची रांग लागलेलीच असते. त्याच शनिवारी दिगंबर जैन घरांत दशलक्षण पर्वाचा शेवटचा उपवास होता, आणि आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ही घरे थोडीथोडकी नाहीत. रविवारी रात्री खग्रास चंद्रग्रहण. निम्मी मुले गच्चीवर जागी, आणि ग्रहण पाळणाऱ्या घरांत रात्रीची चूल पेटली नाही. सोमवारी सकाळी ही सगळी मुले त्रैराशिकाची उदाहरणे सोडवायला बसली. माझ्या शेजारची सातवीतली मुलगी रडत घरी आली, तेव्हाच हे पत्र लिहायचे मनात आले होते. आता पुढच्या वर्षाच्या नियोजनाचे दिवस जवळ येत आहेत, म्हणून आज लिहिते आहे.

नियमाने पाहिले तर त्या शाळेचे काहीच चुकले नाही. मुंबईत ईद-ए-मिलादची सुट्टी ५ वरून ८ सप्टेंबरला नेली होती, पण ती मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यापुरती. आमच्याकडे सोमवार कामाचाच दिवस होता. वेळापत्रक लावणाऱ्याने सुट्ट्यांची यादी समोर ठेवली, लाल तारखा टाळल्या आणि पुढचा मोकळा दिवस धरला. बहुतेक शाळांत असेच चालते.

मी मिरजेतल्या एका मराठी शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त होईपर्यंत तिथले वार्षिक नियोजन माझ्याकडे होते. सुट्ट्या वाढवा, अशी माझी मागणी अजिबात नाही. २०२५ च्या शासकीय यादीत २४ सार्वजनिक सुट्ट्या होत्या. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांच्या तीन स्थानिक सुट्ट्या असतात, मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या वेगळ्या. शाळांसाठी वर्षाला ७६ सुट्ट्यांची मर्यादा आहे आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शिकवणे कायद्याने बंधनकारक आहे. ते भरलेच पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच आहे की, चाचणी, तोंडी परीक्षा, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन या गोष्टींच्या तारखा शाळेच्या हातात असतात. त्या लावताना सणाच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसाचाही विचार व्हावा. तो जून महिन्यातच करता येतो, कारण सण कधी येणार हे आधी कळते.

"ईदचे काही सांगता येत नाही हो, चंद्रावर असते," हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षे ऐकले. फरक पडतो तो एका दिवसाचा. कुठला आठवडा ते नक्की सांगता येते, आणि ज्याच्या घरी मराठी पंचांग आहे त्याला तर फारच सोपे जाते. आठवीच्या वर्गात मी हे करून घेत असे. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर चैत्र ते फाल्गुन असे महिने एका ओळीत आखायचे. त्यावर ट्रेसिंग पेपरची लांब पट्टी ठेवायची आणि तिच्यावर मोहरमपासून जिल्हेजपर्यंत मुस्लिम वर्षाचे बारा महिने लिहायचे. दोन्ही महिने चंद्राचेच असल्याने ते जवळजवळ बरोबर सुरू होतात. आपला अमावास्येनंतर प्रतिपदेला, मुस्लिम महिना कोर दिसली की एखाद-दोन दिवसांनी. त्यामुळे कुठल्याही मुस्लिम महिन्याची १० तारीख आपल्या शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपास पडते आणि १२ तारीख त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास.

हे एवढे समजले की गेल्या तीन वर्षांत ज्या गोष्टींचे सगळ्यांना नवल वाटले त्यांचा उलगडा होतो. २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. बकरी ईद जिल्हेजच्या १० तारखेला असते आणि त्या वर्षी जिल्हेज आषाढाच्या जोडीला आला होता. त्या दिवशी राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजाने आपणहून कुर्बानी पुढे ढकलली, हे आपल्याच अंकात वाचलेले आठवते. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद (रबिलावलची १२ तारीख) एका दिवशी आली आणि ईदची सुट्टी २९ ला न्यावी लागली. २०२४ ला १७ जुलै आणि २०२५ ला ६ जुलै, दोन्ही वर्षी आषाढी एकादशीलाच मोहरमची १० तारीख होती. यातली एकही गोष्ट अचानक घडलेली नाही. वर्षभर आधी आठवीतली मुलगी ती पट्टी सरकवून सांगू शकत होती.

पट्टी सरकते ती अधिक महिन्यामुळे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी पडतात. आपण साधारण दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून ही तूट भरून काढतो. मुस्लिम कालगणनेत ती भरत नाहीत, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. दोन अधिक महिन्यांच्या मधल्या काळात मात्र दोन्ही पंचांगे बरोबरीने चालतात. २०२३ च्या अधिक श्रावणानंतर तीन वर्षे रमजान फाल्गुनातच येतो आहे. म्हणून २०२४ ला ९ एप्रिलचा पाडवा आणि ११ एप्रिलची ईद. २०२५ ला ३० आणि ३१ मार्च. यंदाही (२०२६) १९ मार्चचा पाडवा झाला की एक-दोन दिवसांत ईद. येत्या १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. तो झाला की पट्टी एक घर मागे जाईल आणि रमजान माघात येईल. ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या शेवटी येऊन जाईल आणि गणपती १४ सप्टेंबरला बसतील. गेली तीन वर्षे पोलीस, मंडळे आणि शाळा या सगळ्यांची जी ओढाताण झाली ती पुढच्या शालेय वर्षात होणार नाही.

ईस्टरचेही असेच. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा चर्चचा नियम आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर कधी होळीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार, कधी हनुमान जयंतीनंतरचा. २०२४ ला होळी झाल्यावर आठवड्यात ईस्टर होता. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला, गुरुवारी, आणि लगेच दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. पारशी शहेनशाही वर्षात लीपचा दिवसच धरत नाहीत, म्हणून ते दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे येते. २०२३ ला १६ ऑगस्ट होते, २०२४ पासून १५ ऑगस्ट. माझ्या वर्गात पारशी मूल कधी नव्हते, तरी हे गणित मुलांना फार आवडायचे.

आता आदल्या आणि नंतरच्या दिवसाबद्दल. हे मला पंचांगातून कळले नाही, मुलांनी सांगितले. चाँदरातीला घरातल्या मोठ्या मुलींना बारा-एकपर्यंत झोप नसते. शीरखुर्म्याचा सुकामेवा चिरायचा, धाकट्यांच्या हातावर मेंदी काढायची, शिंप्याकडून शेवटच्या क्षणी कपडे आणायचे. ईदच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे. त्या दिवशी परीक्षा ठेवली तर ती मुलगी पेपरला येते, पण अभ्यास झालेला नसतो. गुड फ्रायडेची सुट्टी सगळ्यांनाच असते. पण मिशन हॉस्पिटलच्या परिसरातली आमची मुले त्या दिवशी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये बसायची, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरचे चिंतन ऐकायची, आणि जी गायनात होती त्यांचा सराव आठवडाभर आधीपासून चालायचा. त्याच आठवड्यात वार्षिक परीक्षेची तोंडी आली की तारांबळ. डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात स्नेहसंमेलन ठेवायचे आणि नाटकातली दोन मुले तालमीला का येत नाहीत म्हणून रागवायचे, हेही नेहमीचेच. ती मुले रात्री घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरत असतात.

बौद्ध मुलांची अडचण वेगळी आहे. ६ डिसेंबरला आजी-आजोबांबरोबर चैत्यभूमीला गेलेले मूल ५ ला शाळेत नसते आणि ७ लाही नसते. दादरला रांगेत उभे राहून दर्शन घ्यायचे, रात्रीची गाडी पकडायची आणि परत यायचे, यात तीन दिवस जातात. धम्मचक्र प्रवर्तन दिन कुणी दसऱ्याला पाळतात, कुणी १४ ऑक्टोबरला. त्यासाठी नागपूरला जाणाऱ्यांचे तर आणखी जास्त दिवस जातात, आणि ऑक्टोबर हा आमच्या प्रथम सत्र परीक्षेचा महिना. या मुलांच्या नावापुढे गैरहजेरीचा शेरा पडतो आणि बुडालेल्या चाचणीचे शून्य गुणपत्रकावर येते. वारीला गेलेल्या मुलाला मात्र, माझ्या अनुभवात, कुणी असे शून्य दिले नाही. त्याला पुन्हा चाचणी द्यायला बसवले जायचे. ते योग्यच होते. तेवढेच योग्य दुसऱ्या मुलाच्या बाबतीतही व्हायला हवे, हे मी शिक्षकांच्या बैठकीत अनेकदा बोलले आणि इथेही ठामपणे लिहिते.

जैन मुलांसाठी तर सुट्टीचीही गरज नसते. दशलक्षणाच्या दहा दिवसांत अनेक घरांत मुलेही एकभुक्त राहतात, उकळलेले पाणी पितात आणि सूर्यास्तापूर्वी जेवतात. दुपारची शाळा साडेपाचला सुटल्यावर जादा तास घेतला नाही, तरी पुरते.

"कुणाकुणाचे बघत बसायचे?" असे मला विचारले जायचे. २२० दिवसांतले घटक चाचण्यांना किती लागतात? दोन चाचण्या धरल्या तरी आठ-दहा. एवढे दिवस शोधायला पंचांगशास्त्र लागत नाही. आमच्या गावाला तर हे जमायलाच हवे. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात पहिला गलेफ (कबरीवर घालायची चादर) चर्मकार समाजाचा चढतो. त्याच दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. जवळच कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतात, कडेगावला मोहरमचे उंच ताबूत उचलायला सगळ्या जातींचे खांदे लागतात. हे सगळे जपणाऱ्या मुलखातल्या शाळेला सोमवारची चाचणी गुरुवारी घेता येऊ नये, हे मला पटत नाही.

सगळ्यात तातडीची गोष्ट दहावी-बारावीची. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि रमजान आता तिथेच येऊन थांबला आहे. सध्या रोजे चालू आहेत. २०२७ ला ते साधारण ८-९ फेब्रुवारीला सुरू होतील आणि ईद १० मार्चच्या आसपास येईल. बोर्डाच्या पेपरच्या तारखा शाळा बदलू शकत नाही. पण प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत कुठली तुकडी सकाळी आणि कुठली दुपारी, हे शाळाच ठरवते. पहाटे सहेरी करून आलेल्या मुलाला सकाळच्या तुकडीत घ्या. दुपारी चारनंतर, तोंडात पाण्याचा थेंब नसताना, प्रयोगशाळेत उभे करू नका. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, पैसा लागत नाही, आणि दुसऱ्या कुणाचे काही कमी होत नाही.

संपादक महाशय, आपल्याला एक विनंती आहे. आपले वृत्तपत्र जानेवारीत दिनदर्शिका देते, तशीच जूनच्या पहिल्या आठवड्यात जून ते मे अशी शाळेसाठीची एक पानी दिनदर्शिका छापावी. तिच्यात सुट्टीची तारीख ठळक असू द्या आणि तिच्या दोन्ही बाजूंचे ज्या दिवसांना चाचणी टाळावी असे दिवस फिकट रंगात दाखवा. चंद्रावर अवलंबून असलेल्या तारखांपुढे "एक दिवस पुढे-मागे" अशी खूण करा. कुठल्या सणाला घरी काय चालते, कुठला दिवस जड जातो, हे त्या त्या समाजाच्या वाचकांकडूनच मागवा. मला ठाऊक नाहीत असे दिवस नक्कीच असतील. २०२६-२७ चा माझा तक्ता ट्रेसिंगच्या पट्टीसह मी आपल्या सांगली कार्यालयात आणून देईन. ज्या शाळेला तो हवा असेल तिला समजावून सांगायला मी स्वतः जाईन. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे मेअखेरपर्यंत निर्णय झाला तर बरे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका, मिरज