स्वाती, पुस्तक मिटून अभ्यास कर

चि. स्वातीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, घसाऱ्याचा धडा तीनदा वाचला. वाचताना सगळं कळतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. वय झालं गं माझं." त्या वेळी इरा मागे हाका मारत होती, म्हणून जास्त बोलले नाही. पण तेव्हापासून तेच मनात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

वयाचं मनातून काढून टाक. मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव नोंदवलंस याचा मला किती आनंद आहे ते तुला ठाऊक आहे. तुझी स्मरणशक्ती ठीक आहे, अडचण अभ्यासाच्या सवयींची आहे. त्या तुला बारावीत लागल्या आणि तेव्हा त्यांच्यावर निभावलं, कारण तेव्हा दिवसाचे दहा तास तुझे होते आणि परीक्षेपुरतं लक्षात राहिलं की पुरायचं. आता रात्री भांडी आवरल्यावरचा तासभर तुझा. त्या तासात जुन्या सवयी चालणार नाहीत.

लालबागच्या रात्र कनिष्ठ महाविद्यालयात मी पुस्तपालन शिकवलं, त्या वर्गात हेच पाहत आले. दिवसभर कँटीनमध्ये, दुकानात, लोकांच्या घरी राबून आलेली माणसं. त्यांच्या पुस्तकात पहिला धडा रंगवलेला, कोपरे मुडपलेले आणि शेवटचे धडे कोरे करकरीत. मध्ये आठवडाभर खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुझंही तसंच होतंय का बघ. खंड पडणारच गं, इराला ताप येईल, सासूबाईंचं काही निघेल. जिथे सोडलं तिथूनच पुढे जा. मागचं विसरलं असेल तर पुढच्या उदाहरणात अडशील आणि तेव्हा नेमकं तेवढंच मागे जाऊन पाहशील.

आता तुझ्या घसाऱ्याचं. एक लाखाचं यंत्र, दहा टक्के घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत. स्थिर हप्त्याने, म्हणजे मूळ किमतीवर, दरवर्षी १०,०००. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे उरलेल्या किमतीवर, पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी ९,०००, तिसऱ्या वर्षी ८,१००. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते. पटतेच, कारण उत्तर समोर असतं. मग पुस्तक बाजूला ठेवून कोरा कागद घेतलास की दुसऱ्या वर्षाची टक्केवारी कशावर काढायची इथे हात थांबतो. जिथे तो थांबला तिथे तुझा खरा अभ्यास सुरू होतो. तिसऱ्यांदा वाचल्याने ती जागा सापडत नाही, उलट झाकली जाते.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. मुलांना उतारे दिले. काही उतारे दुसऱ्यांदा वाचायला सांगितले, काही न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचलेलं जास्त आठवत होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर पुन्हा वाचलेलं ४२ टक्क्यांवर आलं होतं आणि आठवून लिहिलेलं ५६ वर होतं. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात राहील याची खात्री जास्त होती. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही, काही महिन्यांनी आहे. म्हणून वाचताना वाटणाऱ्या "कळलं"वर विसंबू नकोस.

माझ्या वर्गात पोळ्या करायला जाणारी एक बाई होती. ती कामावर पोळ्या लाटता लाटता आदल्या दिवशीचं उत्तर पुटपुटायची आणि अडेल तेवढंच रात्री पुस्तकात बघायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याकडे पुस्तक उघडायला वेळच नव्हता, त्यातून तिने ही रीत काढली. ती चांगल्या गुणांनी पास झाली. तूही डबा भरताना कालचं आठवून बघ.

दुसरी गोष्ट, एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने सोडवू नकोस. बँक जुळवणी पत्रक घे, आपलं रोख पुस्तक आणि बँकेचं पास बुक यांच्या शिलकेतला फरक जुळवायचं ते. रोख पुस्तकाच्या शिलकेपासून सुरुवात केलीस तर दिलेला पण वटायला न गेलेला धनादेश बेरजेत मिळवायचा. पास बुकापासून केलीस तर तोच वजा करायचा. दहाही गणितं रोख पुस्तकापासूनची केलीस तर हात न बघताच बेरीज करायला लागतो आणि परीक्षेत पास बुक आलं की सगळं उलटं होतं. एक हे, एक ते, मध्ये घसाऱ्याचं एक, असं मिसळून सोडव. सावकाश होईल, चुका जास्त होतील. होऊ देत. आणि आज केलेलं दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर करून बघ.

तो पिवळा मार्कर टेबलावरून उचलून ठेव. हात त्याच्याकडे जाईल तेव्हा पुस्तक मिट आणि त्या पानावर काय होतं ते दोन ओळींत लिही. नुसतं "मार्कर वापरणार नाही" म्हटल्याने सवय जात नाही, त्या क्षणी हाताला दुसरं काम लागतं. तीन रंगांच्या शाईने टिपणं उतरवण्याचंही तसंच. सुंदर होतात ती, पण उतरवताना डोकं रिकामं असतं. फोन स्वयंपाकघरात ठेव.

रात्री जागून संपवायचा हट्ट सोड. झोपेत शिकलेलं पक्कं होतं, आणि अर्धवट झोपेने दुसरा दिवसही जातो. विनायकरावांशी बोल आणि सकाळची चाळीस मिनिटं तुझी म्हणून ठरवून घे. परवानगी मागितल्यासारखं बोलू नकोस, त्यांना सांग की या वेळात इराचं तुम्ही बघायचं. ते समजूतदार आहेत, बघतील.

संपर्कसत्राला, म्हणजे विद्यापीठाच्या वर्गाला, बाकीची मुलं वीस-बावीसची असतात, म्हणून तू शंका विचारत नाहीस, असं तुझ्या बोलण्यातून जाणवलं. विचार गं. जोतीरावांनी १८५५ साली पुण्यात रात्रशाळा काढली, ती दिवसभर कष्ट करणाऱ्या मोठ्या माणसांसाठीच. मोठेपणी शिकण्याची आपल्याकडे इतकी जुनी वाट आहे, तिथे संकोच कसला? शिवाय तू पाच वर्षं दुकानाचा हिशेब सांभाळतेस. उधारी, धनादेश, महिनाअखेरची शिल्लक या गोष्टी त्या मुलांनी फक्त पुस्तकात पाहिल्यात.

रविवारी फोन करशील तेव्हा पुस्तक जवळ घेऊ नकोस. मी एक पास बुकाचं आणि एक घसाऱ्याचं गणित सांगेन, कागदावर सोडवून फोटो पाठव. चुकलेलं खोडू नकोस, मला तेच बघायचं आहे.

इराला पापा. विनायकरावांना आणि घरातल्या सर्वांना नमस्कार.

तुझी,
आई