रॅम दुप्पट, गरज आठपट

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीत व्हीएफएक्स (चित्रपटांतले संगणकी दृश्य-परिणाम) शिकणाऱ्यांना ‘पाण्या-धुराचे सिम्युलेशन करायचे तर ६४ जीबी रॅम घ्याच’ असा सल्ला छापून आला आहे. सिम्युलेशन म्हणजे पाणी-धूर कसे हलतील याचे संगणकी गणित. रॅम हवीच, वाद नाही. पण मशीन नेमके कुठे मान टाकते हे कळण्याआधी ती घेणे म्हणजे पालकांच्या खिशाला चाट.

हे गणित ज्या चौकटीत चालते ते डोमेन; त्याचे बारीक घनाकृती कप्पे म्हणजे व्हॉक्सेल. १०२४ व्हॉक्सेल बाजूच्या घनाकृती डोमेनमध्ये १०७ कोटी व्हॉक्सेल होतात. धुराची घनता, तापमान, वेगाचे तीन घटक, दाब आणि गणित चालू असतानाच्या जादा प्रती धरून व्हॉक्सेलमागे १२ आकडे समजू. एक आकडा ४ बाइटचा. झाले ४८ जीबी, तेही नुसत्या सॉल्व्हरचे (गणित सोडवणाऱ्या भागाचे). ५१२ ला हेच ६ जीबी, २५६ ला पाऊण. रिझोल्युशन, म्हणजे बाजूचे व्हॉक्सेल, दुप्पट की गरज आठपट. म्हणजे ६४ ची १२८ जीबी केली, तरी रिझोल्युशन जेमतेम सव्वापट वाढणार.

म्हणून आधी डोमेन आवळावे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले ‘रिझोल्युशन डिव्हिजन्स’ (बाजूचे किती भाग करायचे तो आकडा) डोमेनच्या सर्वांत लांब बाजूला लागू होते. पाणी तळाशीच असेल तर घनाकृती डोमेनची उंची पाव करा. व्हॉक्सेल पावच उरतात, तपशील तसूभरही घटत नाही. ‘ॲडॅप्टिव्ह डोमेन’ची (धुराप्रमाणे आपोआप लहान-मोठे होणाऱ्या डोमेनची) सोय धुरालाच आहे, द्रवाला नाही. तीही फसते: डोळ्यांना न दिसणारा विरळ धूर कोपऱ्यात रेंगाळला की डोमेन आकसतच नाही. अशा वेळी थ्रेशोल्ड (किती विरळ धूर मोजायचा ती मर्यादा) किंचित वाढवावा, धूर हळूहळू विरवणारे ‘डिझॉल्व्ह’ लावावे.

द्रवात खरा भार कणांचा. फ्लिप पद्धतीत (यात कण आणि ग्रिड, म्हणजे व्हॉक्सेलची जाळी, दोन्ही वापरतात) व्हॉक्सेलमागे साधारण ८ कण असतात. कणाचे स्थान आणि वेग मिळून २४ बाइट, म्हणजे व्हॉक्सेलला १९२. हूडिनी या सॉफ्टवेअरमध्ये ‘पार्टिकल सेपरेशन’ (कणांमधले अंतर) ०.१ वरून ०.०५ केले की कण आठपट. पाणी खोल असेल तर पृष्ठभागाजवळच्या थरातच कण ठेवणारी ‘नॅरो बँड’ पद्धत वापरावी; खालच्या पाण्याला ग्रिड पुरते.

सर्रास दिसणारा घोटाळा असा: सिम्युलेशन रात्रभर सुरळीत चालते आणि सकाळी मेश (पाण्याचा सलग पृष्ठभाग) करताना प्रोग्रॅम बंद पडतो. मेशला स्वतःचे ग्रिड लागते. ‘अपरेस फॅक्टर’ २ असेल तर ते दुप्पट बारीक, म्हणजे आठपट व्हॉक्सेलचे. ब्लेंडरमध्ये कॅशे (डिस्कवर साठवलेले निकाल) ‘मॉड्युलर’ ठेवावी आणि ‘इज रिझ्युमेबल’ चालू करावे. डेटा बेक झाला (गणित करून डिस्कवर साठवला गेला) की प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा आणि मेश वेगळा बेक करावा. तो कोसळला तर फॅक्टर १ करून तेवढेच पुन्हा करता येते, रात्रीचे काम शाबूत राहते.

अंदाज पहिल्या फ्रेमवरून बांधू नये. पाणी उसळून चहूकडे पसरते त्या फ्रेमला मेमरी सर्वाधिक लागते. पाव रिझोल्युशनवर अख्खा शॉट चालवून टास्क मॅनेजरमधला कमाल आकडा पाहावा, नुसता प्रोग्रॅम उघडल्यावर लागणारी मेमरी त्यातून वजा करावी आणि उरलेल्याला ६४ ने गुणावे. रॅम संपली की विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलकडे वळते आणि मिनिटांची फ्रेम तासांवर जाते.

डिस्कचा विचार तर कोणी करतच नाही. फ्रेमला २ जीबी धरले तर २४० फ्रेमना ४८० जीबी. धूर रेंडर करायला (अंतिम चित्र काढायला) घनता आणि मोशन ब्लरसाठी (हालचालीतल्या धूसरपणासाठी) वेग १६ बिटमध्ये साठवला तरी भागते. दाब साठवू नये, तापमान आग असेल तरच.

– एक एफएक्स आर्टिस्ट, पुणे