तक्रार: ‘जमाखर्च’ या प्रोग्रामच्या सहा नोंदी परस्पर एक केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती ४ ने पुसलेल्या नोंदी तुमच्या सर्व्हरवरच्या जुन्या प्रतीतून परत मिळण्याबाबत

आज दुपारी तुमच्याकडे पाचवा फोन केला. तो ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो.

माझ्याकडे १९८६ साली डेसिबेल्सने परवाना घेऊन भारतात आणलेला स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक आहे आणि त्याचे प्रोग्राम असलेल्या २१४ कॅसेट आहेत. त्यांची यादी मी सहा वर्षं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत आलो. आवृत्ती ३ पर्यंत एक तक्रार नव्हती. ४ तारखेला रात्री अपडेट आपोआप आलं आणि सकाळी पडद्यावर निरोप होता, ‘दुहेरी नोंदी साफ केल्या: ३८७’. मला विचारलं नाही. ‘हो की नाही’ एवढंसुद्धा विचारलं नाही.

दुहेरी कशावरून ठरवल्या? तर नाव सारखं म्हणून. स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर नेहमीच्या फाइलच्या आधी १७ बाइटचं हेडर, म्हणजे फाइलची ओळख, असतं. पहिला बाइट प्रकाराचा, पुढचे १० नावाचे, मग २ लांबीचे, शेवटच्या ४ मध्ये प्रोग्राम कुठल्या ओळीपासून चालू करायचा वगैरे. हे तुम्हाला माहीत आहे, कारण आवृत्ती ३ हे सगळं वाचत होती. मग आता नाव तेवढं बघायचं आणि बाकीचे बाइट सोडून द्यायचे हे कोणी ठरवलं? जिथे नावाला जागाच दहा अक्षरांची, तिथे माणसं तेच नाव पुन्हा वापरणारच.

माझे बाबा वापरायचे. घरखर्चाचा हिशेब ठेवायला त्यांनी बेसिक या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला होता, नाव ‘जमाखर्च’. रोमन लिपीत त्याची बरोबर दहा अक्षरं होतात, पुढे १, २, ३ लावायला जागा उरत नाही. म्हणून सुधारणा केली की ते त्याच नावाने, त्याच सी-६० कॅसेटवर पुढे सेव्ह करायचे आणि आतल्या कार्डावर निळ्या शाईने टेपरेकॉर्डरच्या काउंटरचा आकडा लिहायचे. ००४, ०५१, ०९७, असे सहा आकडे आहेत. शेवटच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती कॅसेट आम्ही दोघांनी मिळून लावली. फाइल लोड होताना टीव्हीच्या कडेला आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे. पहिली फाइल ‘आर टेप लोडिंग एरर’ देऊन थांबली. बाकीच्या पाच चालल्या. एकेक चालू झाली की बाबा सांगायचे आणि मी ‘शेरा’च्या रकान्यात लिहून घ्यायचो. “यात दूधवाल्याचे खाडे वजा होत नव्हते.” “ही बोनस झाला तेव्हाची.” “यात ताईच्या लग्नाचा खर्च वेगळा काढलाय.” पुढच्या वर्षी बाबा गेले.

आता तिथे एकच नोंद आहे. तीही पहिली, म्हणजे जी लोडच होत नाही ती. शेरा कोरा. लांबी वेगळी, चेकसम (फाइल नीट वाचली का ते तपासायचा आकडा) वेगळा, काउंटर वेगळा असलेल्या पाच चालत्या फाइली तुम्ही दुहेरी म्हणून काढल्या. फाइली मी कॅसेटवरून पुन्हा वाचून घेईन. बाबांनी सांगितलेलं कुठून आणू?

हेच आज तुमच्या प्रतिनिधीला सांगत होतो. ते म्हणाले, “सर, नाव एकच आहे ना?” म्हटलं, हो. “मग फाइल एकच.” लांबी वेगळी आहे म्हटलं. “सर, आमच्या सिस्टिमला ती डुप्लिकेटच दिसतेय.” मग विचारलं, “कुठला गेम आहे सर?” गेम नाही, माझ्या वडिलांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम आहे, असं सांगितलं. त्यावर दहा मिनिटं होल्ड. परत आल्यावर म्हणाले, “सर, हे जुने प्रोग्राम नेटवर फ्री मिळतात, तिथून परत डाउनलोड करून घ्या ना.” मी म्हटलं, अहो, माझ्या वडिलांचा घरचा हिशेब नेटवर कसा असेल? तर म्हणाले, “एकदा सर्च करून तर बघा सर.” आणि लगेच, “आणखी काही मदत करू शकतो का?” मला बोलवेना. मी फोन बंद केला.

त्या मुलावर माझा राग नाही, समोर लिहून दिलेलं तो वाचत होता. ते लिहून देणाऱ्यांवर आहे.

आणखीही बिघाड आहेत. पडद्यावरच्या चित्राची फाइल ६,९१२ बाइटची असते, तुम्ही पहिले ६,१४४ वाचून थांबता, त्यामुळे सगळी चित्रं काळी-पांढरी दिसतात. रंग त्या शेवटच्या ७६८ बाइटमध्ये असतात. हेडर नसलेले ब्लॉक, म्हणजे टेपवरचे नुसत्या माहितीचे तुकडे, यादीत येतच नाहीत. काउंटरचा रकाना काढून टाकलाय. हे तुम्ही सवडीने दुरुस्त करा.

नोंदींना मात्र सवड नाही. ‘रोजची प्रत ३० दिवस सर्व्हरवर ठेवू’ असं तुमच्या योजनेत लिहिलंय आणि त्याचे पैसे मी दरवर्षी भरतो. पहिली तक्रार मी ५ तारखेला केली. आज २७ आहे. पाच फोन झाले आणि पाचही जणांनी मला अपडेट काढून पुन्हा टाकायला सांगितलं. ३ तारखेची प्रत सात दिवसांत कायमची पुसली जाईल. ती मला द्या, किंवा निदान पुसायची थांबवा. विचारल्याशिवाय पुसायचा अधिकार तुम्हाला एकदाही नव्हता, दुसऱ्यांदा तरी पुसू नका.

चार दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं, तिथेही जाईन. मला नुकसानभरपाईची हौस नाही. कॅसेट जमवणाऱ्या चार जणांना मी आग्रहाने तुमचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं होतं. काल चौघांनाही फोन करून अपडेट बंद ठेवायला सांगितलं, आणि ते सांगताना मला फार वाईट वाटलं.

कॅसेटच्या कार्डाचा फोटो जोडला आहे. काउंटरचे सहाही आकडे त्यात नीट वाचता येतात.

आपला ग्राहक,
पुणे